तरणा होत चाललेला सेल

सेल म्हातारा होतो, ही गोष्ट सर्जेराव तांबटांना कुणी शिकवायची गरज नव्हती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली अठरा वर्षं त्यांनी दुसरं केलं तरी काय? पितळी वाफनळ्या कातायच्या आणि कुठल्या नळीत कुठला सेल चालेल, कुठला चालणार नाही, हे गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचं. नवा सेल दणक्यात चालतो, काही शे वेळा भरला-रिकामा झाला की त्याची रग उतरते आणि एक दिवस तो मान टाकतो. यात अपवाद नाही. मग त्यांच्या स्वतःच्या नळीतल्या सेलला झालं होतं काय? गेले सहा-सात महिने तो बेटा उलट्या दिशेनं चालला होता. दिवसेंदिवस तरणा होत चालला होता.

गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळच्या चहानंतर नळी तोंडाला लावली की पंधराव्या-सोळाव्या झुरक्यालाच वाफ पातळ व्हायची, घशाला काही लागायचंच नाही. वैतागून ते नळी खुंटीला अडकवायचे. आता विसावा झुरका झाला तरी तार लालबुंद आणि वाफ भरघोस. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, चाललंय ते चालू दे. पण सेलांत हयात घालवलेल्या माणसाला हे खपत नाही. दुपारची झोप त्यांची कुणाच्या बापाला उडवता आली नसती, तेव्हा ती शाबूत राहिली. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

तंबाखू बंद होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ज्यांना सुटता सुटत नव्हती त्यांना व्यसनमुक्ती केंद्रातून चिठ्ठीवर निकोटिनचा द्राव मिळे, आणि तो ओढायला वाफनळी. नळी म्हणजे तरी काय, अंगठ्यापेक्षा जाड पितळेचा पोकळ दांडा. आत एक सेल, खाली बटण, वर टाकी. टाकीत द्राव आणि तारेचं वेटोळं. बटण दाबलं की सेलची आणि तारेची थेट गाठ. मधे चिप नाही, मेंदू नाही, सांभाळून घेणारं कुणी नाही. तारेनं वीस अँपिअर मागितले आणि सेलची ऐपत दहाचीच असली तर सेल तापणार, फुगणार, आणि बंद दांड्यात फुगलेला सेल म्हणजे तोंडापाशी धरलेला सुतळी बॉम्ब. म्हणून सेल निवडणाऱ्याच्या शब्दाला किंमत. वेष्टनावर चाळीस अँपिअर छापलेलं असलं तरी सर्जेराव मानत नसत. ते आधी सेल वजनकाट्यावर टाकत, कारण नकली माल वजनाला हलका भरतो. मग वेष्टनावर नख फिरवून कुठे चीर नाही ना ते बघत. मग तारेचा अडसर, म्हणजे रोध, मोजत, भागाकार तोंडी करत आणि म्हणत, "हा न्या. तो दुसरा टॉर्चला बरा, तोंडाला नको."

त्यात तीन वर्षांपूर्वी थरवाचक आला आणि सेल निवडण्याच्या धंद्याची सगळी तऱ्हाच बदलली.

दुधावर साय धरते ना, तशी सेलच्या आत, ऋण बाजूच्या पानावर, पहिल्याच दिवशी एक पातळ साय धरते. जोराचा प्रवाह ओढला की ती किंचित तडकते, थांबवला की पुन्हा जुळून येते. दर ओढीला एक वळी. किती जोरात ओढलं, किती वेळ ओढलं, मधे किती वेळ थांबलं, सगळं त्या वळीत उमटतं. थरवाचक सेलमध्ये अगदी क्षीण, वेगवेगळ्या कंपनांचे प्रवाह सोडतो आणि परत येणाऱ्या खुणांवरून वळ्या मोजतो. मुळात हे यंत्र निघालं जुना सेल फुटेल की टिकेल हे कळावं म्हणून. पण वाफनळीत माणूस श्वास आत घेतो तेवढाच वेळ बटण दाबतो, म्हणजे एक वळी म्हणजे एक झुरका, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि केंद्राला घबाड मिळालं. चिपवाल्या नळीची नोंद पोरंसोरं फिरवतात. सायीतली वळी ब्रह्मदेवाला पुसता येत नाही. केंद्रानं चिपच्या नळ्या बंद केल्या आणि सगळ्यांना साधी पितळी नळी, नोंदवलेला एकच सेल आणि उपचाराआधी त्याचं वाचन असा नियम केला. उद्यमनगरात त्या यंत्राला तलाठी म्हणत. त्याच्या दप्तरी एकदा नोंद झाली की झाली.

केंद्राचा एक तलाठी सर्जेरावांच्या दुकानातही होता. सेल निवडून द्यायचा, वाचायचा आणि कागद केंद्राकडे पाठवायचा. गेल्या दिवाळीत फौंड्रीतल्या बाळासो चौगुल्यांचे झुरके दिवसाला साठ निघाले. बाळासो काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "आईशप्पत सांगतो, तीसच्या वर घेत नाही." सर्जेराव हसून म्हणाले, "बाळासो, माणूस खोटं बोलतो, सेल बोलत नाही." बाळासोंचं नाव उपचाराच्या यादीतून गेलं. त्या दिवसापासून ते समोरून आले तरी मान वळवून जात.

आता उपचाराची यादी म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सर्जेरावांचा जीव तिथंच अडकला होता. पंचवीस वर्षं बिडी आणि त्याआधी भट्टीचा धूर, त्यांच्या फुप्फुसांचा निम्मा भाग चिंधी झाला होता. केंद्रात नवा कोंब-उपचार सुरू झाला होता. माणसाच्याच फुप्फुसातल्या चांगल्या पेशी घ्यायच्या, मटकीला मोड आणावेत तशा त्या जाळीवर वाढवायच्या आणि खराब जागी नेऊन रुजवायच्या. पण अंगात निकोटिन जास्त असेल तर नव्या रक्तवाहिन्या धरत नाहीत, म्हणून वर्षभर दिवसाला पंचवीसच्या आत झुरके हवेत. साऱ्या जिल्ह्याला सहा महिन्यांतून एकच जागा. या खेपेला यादीत पहिलं नाव सर्जेरावांचं. शुक्रवारी सही व्हायची होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, ही जागा हुकली तर पुढच्या जागेपर्यंत कोंब रुजवायला चांगली जमीनच उरणार नाही.

सोमवारी सकाळी गिऱ्हाईक नव्हतं. सर्जेरावांनी स्वतःचा सेल काढला आणि तरणेपणाचं गुपित काय ते बघू म्हणून तलाठ्यात ठेवला. यंत्रानं दोन मिनिटं विचार केला आणि आकडा दाखवला. चौदा महिन्यांची सरासरी, दिवसाला एकशे अठ्ठावीस झुरके.

सर्जेराव हसले. सेल काढला, टोकं पुसली, पुन्हा ठेवला. एकशे अठ्ठावीस. यंत्र बंद करून चालू केलं. दुसऱ्याचा सेल ठेवून बघितला, तो बरोबर वाचला. पुन्हा स्वतःचा ठेवला. एकशे अठ्ठावीस. ते स्टुलावर बसले आणि बोटांवर मोजायला लागले. सकाळी दोन, संध्याकाळी चहानंतर पंधरा-सोळा, जेवणानंतर दोन. वीस. फार तर एकवीस. उरलेले एकशे सात-आठ कुणी ओढले?

मंगळवारी ते केंद्रात गेले, कारण सेल जमा करायचाच होता. डॉक्टर कल्याणी शिरगावकर वयानं चाळिशीच्या, बोलायला शांत. त्यांनी पडदा सर्जेरावांकडे वळवला.

"विश्वास बसत नाही माझा, सर्जेराव. चौदा महिने रोज सव्वाशेच्या वर?"

"बाई, मी वीस घेतो."

"मग हे कोण?"

"तेच तर इचारायला आलोय तुम्हाला."

डॉक्टर किंचित हसल्या. त्या हसण्यात काय होतं ते सर्जेरावांनी ओळखलं, कारण दिवाळीत बाळासोंसमोर ते स्वतः असेच हसले होते. "शुक्रवारी अकरापर्यंत मला काहीतरी पटण्यासारखं सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर यादीतलं दुसरं नाव घ्यावं लागेल. मला आवडेल असं नाही." वाचन झालं होतं, तेव्हा सेल त्यांनी परत दिला.

घरी जाताना सर्जेरावांच्या डोक्याचा पार भुगा झाला. झोपेत चालणारी माणसं असतात, झोपेत ओढणारी असतील का? आपण एकीकडे वीस मोजतो आणि दुसरीकडे भान नसताना शंभर घेतो? पण मग द्राव कसा पुरतो? बाटली तर महिनाभर जाते. एकशे अठ्ठावीस झुरक्यांना ती आठवड्यात आटली असती. म्हणजे कुणीतरी द्रावाशिवाय नुसतीच नळी ओढतंय? कोरडी तार ओढून घसा भाजून घेणारा वेडा कोण असेल? आणि एवढी लूट होऊन सेल तरणा कसा होतोय? एकाला दुसरं जुळेना, दुसऱ्याला तिसरं.

वैजयंता, त्यांची बायको, अंगणात बसून चिंचेच्या कोळानं नळ्या घासत होती. दुकानातून कातून आलेली प्रत्येक नळी तिच्याच हातून झळाळून जाई. आधी बारीक कापडी चाकावर घासायची, मग चिंच, मग राख. अठरा वर्षांत तिच्या नखांत पितळेची पिवळी धूळ कायमची बसली होती.

"वैजू, मी झोपेत नळी ओढतो का गं?"

"झोपेत तुम्ही घोरता."

"यंत्र म्हणतंय मी रोज सव्वाशे झुरके घेतो."

वैजयंताचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की सर्जेरावांना क्षणभर आपणच काहीतरी चोरलंय असं वाटलं. "मग घेत असाल," ती म्हणाली. "तुम्हीच सांगता की, सेल खोटं बोलत नाही." आणि ती नळी खाली ठेवून आत निघून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं म्हणावं तर ती रागावल्यावर भांडी आपटते, आणि आत भांड्याचा आवाज नव्हता. सर्जेरावांना तिचंही कळेना.

बुधवार असाच गेला. गुरुवारी सकाळी त्यांनी दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं आणि चौदा महिन्यांच्या साऱ्या वळ्या पडद्यावर एकीखाली एक मांडल्या. तासाभरात एक गोष्ट लख्ख दिसली. वळ्या दोन जातींच्या होत्या. एक जात त्यांची स्वतःची. सुरुवातीला जोर, मग ढील, मधे कधी पाच मिनिटं, कधी तासभर. दुसरी जात निराळीच. सेल भरून नळीत घातल्यावर, म्हणजे दुपारी जेवणानंतर, एकामागून एक, अगदी सारख्या अंतरानं. श्वास घेतला, सोडला, घेतला, सोडला. मधे थांबणं नाही. आणि रोज मोजून एकशे आठ. एक कमी नाही, एक जास्त नाही.

एकशे आठ म्हटल्यावर कुणालाही जपमाळ आठवली असती. सर्जेरावांना रुग्णवाहिकेचा नंबर आठवला. देवाधर्माशी त्यांचा संबंध गणपतीच्या वर्गणीपुरता.

पण एवढं खरं की दुसरा कुणीतरी होता. चोर सापडला नसला तरी चोरी झाली होती हे सिद्ध झालं, आणि सर्जेरावांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना त्या गड्याविषयी कुतूहल वाटू लागलं. मे महिन्यात सहा दिवस तो गायब होता. रजेवर गेला असणार. पहिल्या महिन्यात त्याचा झुरका चार सेकंदांचा होता. पावसाळ्यात साडेतीनचा, थंडीत तीनचा, आता तर दोनचा. म्हणूनच सेल तरणा वाटत होता! तो गडी कमी ओढत होता, म्हणून संध्याकाळी सर्जेरावांच्या वाट्याला जास्त उरत होतं. सर्जेरावांना त्याचा हेवाही वाटला. काय शिस्त आहे बघा पठ्ठ्याची. आकडा तोच ठेवून झुरका आखडत आणतोय. असा नेटानं सोडणारा माणूस त्यांनी गिऱ्हाइकांत एक पाहिला नव्हता.

दुपारी ताटावर बसल्या बसल्या त्यांनी वैजयंताला सगळं सांगितलं. "माझे वीसच आहेत. दुसरा कुणीतरी दुपारी, मी झोपल्यावर, नळी घेतो. रोज एकशे आठ."

भाकरी वाढता वाढता ती खालीच बसली.

"एकशे आठ दाखवतंय त्यात?"

"रोज. सहा दिवस सोडले तर. मे महिन्यात..."

"मी गडहिंग्लजला गेले होते," वैजयंता म्हणाली. "अक्काकडं. सांडगे घालायला."

सर्जेरावांनी घास परत ताटात ठेवला.

तिनं सांगितलं ते असं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो दाखवला आणि त्या दिवसापासून तिनं त्यांच्या नळीवर लक्ष ठेवलं होतं. नवऱ्याला सांगून उपयोग नाही हे तिला वीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. सेल रिकामा असला की हा माणूस वैतागून नळी ठेवून देतो, एवढं तिनं हेरलं होतं. मग दुपारी ते झोपले की ती खुंटीवरची नळी काढी, भरलेली टाकी बाजूला ठेवी आणि त्यांच्याच दुकानातली जुनी कोरडी टाकी वर बसवून देवासमोर बसे. तोंडाला लावायचा प्रश्नच नव्हता. नुसतं बटण दाबायचं, तार लाल होऊ द्यायची, सोडायचं. सेल उतरवायचाच आहे तर हात रिकामा कशाला, म्हणून त्यावरच जप. श्वास आत घेताना बटण दाबून नाव घ्यायचं, सोडताना बटण सोडायचं. एक माळ झाली की सेलही बहुतेक संपलेला असे.

"जप कशासाठी?" सर्जेरावांनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांनाच ओशाळं वाटलं.

"तुमच्या श्वासासाठी. आणि कशासाठी असणार?" मग तिचा बांध फुटला. "आणि मंगळवारी तुम्ही म्हणालात सव्वाशे! मला वाटलं, मी इकडं देवाला गाऱ्हाणं घालतेय, सेल उतरवतेय, आणि हा माणूस चोरून दुसरीकडून भरून ओढतोय. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही मला."

सर्जेराव हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं किती हसण्याचं होतं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. जिनं त्यांना वाचवायला म्हणून बटण दाबलं तिनंच त्यांना यादीतून जवळजवळ काढलं होतं. रागवावं तरी कसं? "येडी आहेस तू," ते म्हणाले. "उद्या माझ्याबरोबर केंद्रात चल."

शुक्रवारी दहालाच दोघं हजर. डॉक्टर शिरगावकरांनी सारं ऐकून घेतलं. आधी त्यांच्या भुवया वर गेल्या, मग त्यांनी कोरी नळी, कोरडी टाकी आणि नवा सेल मागवला आणि वैजयंताला सांगितलं, "ताई, रोज करता तसं करा. दहा मणी." वैजयंतानं लाजत डोळे मिटले आणि बटण दाबलं. तो सेल यंत्रात ठेवला. वळ्या जुन्या सेलमधल्या अलीकडच्या वळ्यांवर ठेवून बघितल्या. तंतोतंत.

"जुळलं," डॉक्टर म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "तुमचे वीसच, सर्जेराव. मला माफ करा. एवढं यंत्र, पण बटण श्वासानं दाबलंय की जपानं, हे त्याला नाही कळत. तुमची जागा पक्की. हा अर्ज घ्या, इथं सही करा."

सर्जेरावांना आभाळ ठेंगणं झालं. आनंद झाला की त्यांची जीभ सैल सुटायची. पेन हातात घेऊन ते डॉक्टरांना पडदा दाखवत सांगायला लागले. "बाई, गंमत सांगतो. मला वाटत होतं हा कुणी गडी आहे आणि तो सोडायच्या बेतात आहे. हे बघा, सुरुवातीला चार सेकंद. इथं साडेतीन. इथं तीन. आकडा तोच, एकशे आठ, पण ओढ कमी कमी. मी म्हटलं, काय निग्रह आहे गड्याचा, सोडत आणलीय त्यानं. आणि आता बघा, दोन..."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

हा गडी काही सोडत नव्हता. त्याला सोडायला काही नव्हतंच. पडद्यावर जो आखडत चालला होता तो झुरका नव्हता, श्वास होता.

"वैजू," त्यांनी मान न वळवता विचारलं. "एका श्वासात नाव किती वेळा होतं तुझं?"

"आधी चारदा व्हायचं. आता दोनदा." तिला प्रश्नाचा रोख कळला नाही. "वय झालं की आता."

"जिना चढताना थांबावं लागतं?" हे डॉक्टरांनी विचारलं. त्यांचं हसू गेलं होतं.

"मधल्या पायरीवर थोडं. पण ते पितळ घासून घासून कंबर धरते म्हणून."

डॉक्टरांनी तिला खुर्चीत पुढे वाकायला लावलं आणि पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मग तिचे हात हातात घेऊन नखं बघितली. पितळेची धूळ वर्षानुवर्षं आत गेली की फुप्फुस राठ होतं, फुगत नाही, असं काहीसं त्या म्हणाल्या. तपासण्या कराव्या लागतील. पण चौदा महिन्यांत श्वास निम्म्यावर आला असेल तर हे थांबण्यासारखं नाही.

"यावर इलाज?" सर्जेरावांनी विचारलं.

डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आधी टेबलावरच्या अर्जाकडे बघितलं. तेवढ्यात सर्जेरावांना उत्तर मिळालं. एकच इलाज होता, आणि त्याची एकच जागा होती.

"तिचं नाव लिहा."

"असं एका शब्दावर होत नाही, सर्जेराव. तपासण्या होऊ देत. त्यात निघालंच तर यादीत त्याच वरच्या येतील, कारण निकोटिनचा प्रश्नच नाही. पण मग तुम्ही... मी तुम्हाला काय सांगितलं होतं ते आठवतंय ना?"

"आठवतंय. जमीन उरणार नाही."

"कुणाची जमीन?" वैजयंतानं विचारलं. दोघांच्या तोंडाकडे बघून तिचं तिलाच कळलं, आणि ती उठून उभी राहिली. सर्जेरावांनी तिला इतकं संतापलेलं कधी बघितलं नव्हतं. "चौदा महिने मी रोज एकशे आठ वेळा एकच गोष्ट मागितली. एकच. ती मिळाली म्हणून आत्ता डॉक्टरीणबाई सांगतायत. आणि तुम्ही मला न विचारता ती परत देऊन मोकळे? मला काही झालेलं नाही. मला घरी जायचंय."

"वैजू, बस."

"नाही बसत."

"बस गं." त्यांचा आवाज फाटला. "अठरा वर्षं मी लोकांना सांगतोय, मला सेल वाचता येतो. एवढं महिनोन् महिने तू माझ्यासमोर लिहून ठेवत होतीस आणि मी वाचलं काय, तर कुणीतरी नळी सोडतोय. मला हे सहन होत नाही. तपासून तरी घे. माझ्यासाठी घे."

ती बसली. तिच्या हातांना काय करावं कळत नव्हतं, म्हणून तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सर्जेरावांना काय वाटत होतं? मी खोटं बोललो नाही हे सिद्ध झाल्याचा आनंद अजून छातीत होता, आणि त्याला लागूनच दुसरं काहीतरी इतकं जड येऊन बसलं होतं की श्वास घेताना कुठलं कुठे आहे ते उमजत नव्हतं. मधेच त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "बाळासो चौगुल्याच्या घरी कोण कोण असतं?" डॉक्टरांनी सांगितलं, म्हातारी आई आणि बायको. सर्जेरावांनी मान हलवली; त्या साठातले तीस कुणाच्या हातचे, हे त्यांनी दिवाळीत विचारलंच नव्हतं.

तपासणीची खोली पलीकडेच होती. काचेची, टेलिफोनच्या बूथएवढी. वैजयंता आत बसली. तंत्रज्ञ बाईंनी तिच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळकांडं दिलं आणि बाहेरून सांगितलं, "ताई, सावकाश आत घ्यायचा. घेत राहायचा. मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

सर्जेराव काचेबाहेर उभे होते. वैजयंतानं त्यांच्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. तिनं मनातल्या मनात नाव सुरू केलं असणार हे त्यांना कळलं, कारण तिच्या उजव्या हाताचा अंगठा, मुठीत काही नसताना, खाली दाबला गेला. तिच्याबरोबर त्यांनीही डोळे मिटून श्वास आत ओढायला सुरुवात केली. एक. दोन. त्यांची ती चिंधी झालेली छाती कण्हत कण्हत भरत होती. तीन. साडेतीन. पुढे जाईना तेव्हा त्यांनी डोळे उघडून काचेतून बघितलं.

तंत्रज्ञ बाईंनी अजून थांबा म्हटलं नव्हतं. वैजयंताचा अंगठा केव्हाच सुटला होता.